इटलीची गाडी, धाराशिवचे दात

प्रवासाला निघताना लोक वळकटी घेतात, फिरकीचा तांब्या घेतात. मी राग घेऊन निघालो होतो. पुण्याला तो माझ्याबरोबर डब्यात चढला. कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसताना बाकीचं सामान हमालाच्या डोक्यावर दिलं, हा मात्र माझ्याच डोक्यात राहिला. उस्मानाबाद जिल्ह्यात आमचे पुण्याचे लोक फारसे जात नाहीत. तुळजापूरला जातात, देवीला हात जोडतात आणि आल्या रस्त्यानं परत येतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोंगर-देवळांचं वर्णन जरा कमी पडेल, कारण माझं लक्ष तिकडे नव्हतं.

लक्ष होतं गाडीत. धरणाच्या कामावर आलेला एक इटालियन इंजिनियर मायदेशी जाताना त्याची लाल मोटारसायकल माझ्या स्वाधीन करून गेला. एकशेपंचाहत्तर सीसी, एकच सिलिंडर. ऐकून हसू नका. आपल्याकडच्या फटफट्या दांडग्या आणि गरीब. ही जेमतेम तीन मण वजनाची आणि महाखट. टाकी लांब, दोन्ही बाजूंना गुडघे बसावेत एवढी आत दाबलेली. हँडल इतकं खाली की छाती टाकीला टेकते. बसायला एकच बैठक, तिच्या मागं उंचवटा, म्हणजे बायको, मित्र, पोतं, काहीही मागं घ्यायची सोय नाही. किक डाव्या अंगाला, त्यामुळे नवा माणूस हमखास उजवीकडे पाय झाडत राहतो. गिअर उजव्या पायाशी, पुढं चवड्यानं आणि मागं टाचेनं दाबायचा. वेगाची तबकडी किलोमीटरची.

आणि इंजिन! दुसऱ्या गाड्यांत व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली असतो आणि लांब सळ्यांनी वर ढकलाढकली करतो. हिचा कॅमशाफ्ट डोक्यावरच बसवलाय. खालून एक उभा दांडा त्याला फिरवतो आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना तिरप्या दातांची चक्रं आहेत. सळ्यांची खडखड नाही, म्हणून इंजिन वर चढतच राहतं. जिथं बाकीच्या गाड्या रडकुंडीला येतात तिथं हिला खरा कंठ फुटतो. हे मी पुण्यात इतक्यांदा सांगितलंय की मित्र मला बघून रस्ता बदलतात.

त्याच वरच्या चक्राचे तीन दात मे महिन्यात उडाले. परदेशी सुट्या भागांची आयात बंद. अर्ज केले, खेटे घातले, कारकुनांशी भांडलो. पुण्यातल्या एका नामांकित मेस्त्रीनं गाडीला हातसुद्धा न लावता सांगितलं, "भंगारात द्या." त्याच्या टेबलावरचा चहा मी तसाच सोडून आलो. सप्टेंबरअखेर सोलापूरजवळच्या जुन्या धावपट्टीवर आमच्या मंडळाची शर्यत होती. अशात एका लॉरीवाल्यानं सांगितलं की उस्मानाबादेत करीमभाई म्हणून लेथवाले आहेत, निजामाच्या काळात बसगाड्यांची इंजिनं बांधायचे, ते लोखंडातून काहीही काढून देतात. बुडत्याचा जीव! लॉरीवरच गाडी पाठवून दिली. महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: चक्र तयार आहे, येऊन पळवून बघा. माझा काडीचा विश्वास नव्हता. खोटं कशाला सांगू?

येडशी

छोटी गाडी येडशीला पोचेपर्यंत माझे गुडघे समोरच्या माणसाच्या गुडघ्यांशी इतके परिचित झाले होते की निरोप घेताना दोघांनाही चुकल्यासारखं वाटलं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं विचारलं, "कुनाचं पाव्हनं?" मी म्हटलं, कुणाचाच नाही. त्यानं घोड्यासाठी आणलेली बादली बाजूला ठेवली, टांग्यातली सुरई काढली आणि म्हणाला, "मंग आदी पानी घ्या." आमच्याकडे पाहुण्याची सगळी चौकशी होते आणि मग पाण्याचं विचारतात. इथं पाणी आधी. हे मला फार आवडलं, पण रागात असल्यामुळे तसं बोललो नाही.

रामलिंगाच्या बाजूचा डोंगर पावसानं हिरवागार झाला होता. टांग्यातून मोटारीच्या थांब्याकडे जाताना रस्त्याकडेला निम्मे दगड मैलांचे होते आणि निम्मे नवे किलोमीटरचे. एका दगडावर गाव आठ, पुढच्या दगडावर तेच गाव बारा. टांगेवाला म्हणाला, "सरकार गाव फुडं ढकलतंय." थांब्यावरून तेरा मैल मोटारीनं गेल्यावर उस्मानाबाद आलं. पाट्यांवर उस्मानाबाद. मोटारीतला प्रत्येक माणूस मात्र धाराशिवच म्हणत होता.

करीमभाईंचं दुकान

करीमभाई साठीचे. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी आणि बोटांच्या रेषांत कायमचं काळं तेल. लेथ त्यांच्याहून म्हातारा असावा. माझी गाडी दुकानाच्या मधोमध उभी होती, पुसून, धुऊन, वर स्वच्छ चादर पांघरून. आमच्या पुण्यात गिऱ्हाइकाच्या गाडीवर स्पॅनर ठेवतात.

"या साब, या. आदी चक्र बघा, मग च्या."

मी चक्र हातात घेतलं. लॉरीच्या मोडक्या एक्सलचं पोलाद. दात एकेक करून कानशीनं घासलेले. समोरच्या चक्राला काजळी लावून फिरवायचं, काळा डाग जिथं उमटेल तिथं पुन्हा घासायचं, पुन्हा काजळी. असं किती वेळा, विचारलं तर म्हणाले, "गिनती कोन करतो? दात मिळेपर्यंत." मग कोळशात तापवून पाणी दिलेलं. मी भिंग लावून दोष शोधला. सापडला नाही, म्हणून आणखीच चिडलो.

"मजुरीचं काय?" मी विचारलं.

"मजुरी सामानापुरती. बाकी मला कागद पायजे साब. पत्र."

मग त्यांनी एका पत्र्याच्या नळीतून स्वतःचं सर्टिफिकेट काढलं. हैद्राबादच्या कारखान्यात शिकल्याचं, सुंदर वळणदार उर्दूत. सामिलीकरणानंतरही बरीच वर्षं ते सरकारी वर्कशॉपात होते. मग महाराष्ट्र झाला, कागद नव्यानं तपासले गेले आणि हा कागद कुणालाच वाचता येईना. "लेथला मराठी येती का उर्दू येती, सांगा साब?" वर्कशॉपचे नवे साहेब मात्र भले होते. त्यांना लेथवाला हवाच होता. ते म्हणाले होते, करीमभाई, एखाद्या जाणत्या माणसाचं मराठीत पत्र आणा, तुमच्या हातचं काम कसं आहे ते लिहिलेलं. शनिवारपर्यंत आणा, नाहीतर मला सोलापूरचा माणूस घ्यावा लागेल.

तो जाणता माणूस म्हणजे मी. मोटारसायकल मंडळाचा चिटणीस, खिशात छापील नावाचे कागद.

"दात धरले तर लिहीन," मी म्हटलं. "न धरले तरी लिहीन. जे असेल ते लिहीन."

"तेच लिव्हा," करीमभाई म्हणाले. "उद्या बेस्तरवार. तेरखेड्यापर्यंत जा, सडक चांगली हाय. मला मागं बसवलं असतं तर आवाज ऐकला असता, पन हिला मागं जागाच न्हाय. एकट्या मानसाची गाडी ही." मग बोट उचलून म्हणाले, "आनि येडशीला भीमाबाईकडं भाकरी खाल्ल्याबिगर फुडं जायचं न्हाय. बहीण हाय माझी."

भीमाबाई धनगराच्या. करीमभाई त्यांचे मानलेले भाऊ. दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला येडशीला जातात म्हणे. त्यात विशेष काही आहे असं त्या गावात कुणालाही वाटत नव्हतं, मलाच वाटलं.

भीमाबाईंचं दार

गुरुवारी सकाळी येडशीपर्यंत गाडी अशी आली की मी तोंडात माशी जाईल ह्याचीही पर्वा न करता ओरडत होतो. मोकळ्या रस्त्यावर काटा शंभरावर, आणि मूठ अजून निम्मीच पिळलेली. पण मनातला पुणेकर गप्प बसेना. तेरा मैल कुणीही जाईल, पुढं बघू.

भीमाबाईंचं घर सडकेलाच लागून. मेंढ्या, दोन कुत्री, शेणानं सारवलेलं अंगण. पंचावन्नच्या आसपासची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज असा की मेंढ्या दुसऱ्या शिवारातून परत याव्यात. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं. माडगं मी आयुष्यात पहिल्यांदा प्यालो. पुण्यात ते मिळत नाही ह्याबद्दल पुण्याची कीव आली. गाडी घाईनं तेरखेड्याला न्यायची होती आणि बाई तर चौथी भाकरी वाढत होत्या.

"अहो, बास!"

"गप खावा. भावाचं पाव्हनं तुमी."

मग त्या गाडीभोवती फिरल्या. "भावानं दात बशीवलं ते हेच व्हय? कुठंयत दात?"

आणि इथं माझी जीभ सुटली. ऐकणारं माणूस मिळालं की मला राहवत नाही. दात आत आहेत, दिसत नाहीत, इथं दांडा आहे, इथं व्हॉल्व्ह. मग सिलिंडरच्या मागं आलो. तिथं कार्ब्युरेटरचं तोंड आहे, भोंग्यासारखं, उघडं. "दुसऱ्या गाड्यांना इथं डबा असतो, जाळी असते," मी म्हटलं. "हिला नाही. हे हिचं तोंड. इथून वारा पिते, म्हणून पळते."

"ह्ये तोंड?"

"हेच तोंड."

"नवं जनावर दारात आलं की पाय धुवावं लागत्यात," भीमाबाई म्हणाल्या. "आन् तोंड गोड करावं लागतं."

"करा काय करायचं ते," मी म्हटलं, "पण लवकर करा!" आणि हात धुवायला आडावर गेलो. परत आलो तेव्हा दोन्ही चाकांवर पाणी ओतलेलं, दिव्याला हळदीकुंकू, आणि बाई पदराला हात पुशीत समाधानानं उभ्या. पुण्यातही नव्या गाडीला नारळ फोडतात, त्यातलाच प्रकार, असं समजून मी किक मारली.

तेरखेडा

येडशी सुटली आणि गाडी खोकायला लागली. आधी बारीक, मग ढास लागल्यासारखी. मूठ पिळावी तर धूर, सोडावी तर मरगळ. चढाला दुसऱ्या गिअरवर आली. एक बैलगाडी शेजारून पुढं गेली आणि गाडीवान माझ्याकडे बघून बोलला नाही, हे त्याचं नशीब. तेरखेडा दोन मैल राहिलं असताना एक मोठा आवाज झाला आणि इंजिन बंद.

मी बघितलं का? नाही. प्लग काढला? नाही. कार्ब्युरेटर उघडला? मुळीच नाही. कार्ब्युरेटर इटलीत झालेला, चक्र उस्मानाबादेत. दोष कुठं असणार हे मी पुण्यातून निघतानाच ठरवून ठेवलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. दोन मैल तीन मणाची गाडी उन्हात ढकलत आणि त्या थेरड्याला शिव्या देत मी तेरखेड्यात शिरलो. हो, थेरडाच म्हणालो, मोठ्यानं. रस्त्यावर ऐकायला कुणी नव्हतं एवढंच.

तेरखेडा फटाक्यांचं गाव. दिवाळी महिन्यावर आलेली, त्यामुळे अंगणाअंगणात कागदाच्या नळ्या वाळत घातलेल्या, भुईनळ्यांच्या मातीच्या कुप्यांच्या रांगा, बाया बोटांनी वाती वळतायत. मी रागानं सिगारेट काढली आणि काडी ओढणार तोच एक गृहस्थ अंगणातून ओरडत आले, "ओ साहेब! गाव उडवता काय!" काडी हातातून काढूनच घेतली. हे गणपतराव, त्या अंगणाचे मालक. मला सावलीला बसवलं, पाणी दिलं, पण काडी परत दिली नाही.

शाळेच्या भिंतीला टपालपेटी होती. टपालाचं काम शाळेचे गुरुजीच बघत. डाकेची मोटार यायची वेळ झालेली आणि गुरुजी पिशवीचं तोंड बांधायच्या तयारीत. मी एक पोस्टकार्ड मागितलं आणि उभ्याउभ्या लिहिलं, वर्कशॉपच्या साहेबांच्या नावे:

'करीमभाई यांनी केलेले चक्र पंचवीस मैलांच्या आत निकामी झाले. मी स्वतः गाडी ढकलीत आलो आहे. अशा माणसाच्या हाती सरकारी यंत्रे देणे धोक्याचे आहे.' खाली सही, मंडळाचं नाव, चिटणीस.

गुरुजींनी कार्ड घेतलं. कार्ड उघडंच असतं, त्यांनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, आजची मोटार जाऊ द्या. उद्याच्या पिशवीत टाकलं तर चालेल का? रातभर ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी."

"तुमचं काम टपाल पाठवायचं आहे की अडवायचं?" मी गरजलो.

कार्ड पिशवीत गेलं, दोरी आवळली, लाखेचा शिक्का बसला. मोटार आली, पिशवी गेली. माझं मन इतकं हलकं झालं की मी गणपतरावांकडे चहा मागितला.

गणपतराव गाडीपाशी उकिडवे बसले होते. नाक धुरांड्याशी नेत, मग इंजिनाशी नेत. "साहेब," ते म्हणाले, "तुमच्या गाडीनं गूळ खाल्लाय."

"काय बोलताय?"

"शोरा, गंधक, कोळसा, ह्येंचा वास मला झोपंत बी कळतो. ह्यो त्यातला न्हाय. गूळ करपलाय ह्यो. बगा की, वगळ आलाय हितं."

खरंच इंजिनाच्या अंगावर तपकिरी, चिकट ओघळ आला होता. मी भोंग्यात बोट घातलं. बोट चिकटलं. कार्ब्युरेटर सोडवला, आणि त्याच्या नरड्यात, वरखाली होणाऱ्या नळकांड्याच्या खाली, गुळाचा खडा आणि भाकरीचा तुकडा. नैवेद्य. भीमाबाईंनी नव्या जनावराचं तोंड गोड केलं होतं. आणि तोंड कुठलं ते मीच बोट ठेवून दाखवलं होतं.

चक्राला काहीही झालेलं नव्हतं.

आयुष्यात मी पुष्कळांवर चिडलोय. त्या क्षणी स्वतःवर जो चिडलो त्याला तोड नाही. कानफटात मारून घ्यावी असं वाटलं, आणि गणपतराव समोर नसते तर मारलीही असती. पेट्रोलनं भोंगा धुतला, फुंकला, बसवला. "मोटार कधी पोचते उस्मानाबादला?"

"दीड तास धरा. येडशीला थांबती जरा."

डावीकडची किक. पहिल्याच लाथेला सुरू.

परतीचे पंचवीस मैल

ह्या गाडीची ताकद किती हे मला शर्यतीत कळायचं होतं. कळलं ते त्या दिवशी. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. इंजिन चढत गेलं आणि आवाज फाटला नाही, एकच सलग सूर, वर वर जाणारा. चौथ्याला मी टाकीवर आडवा झालो. काटा शंभर, एकशेदहा, एकशेवीस. लिंबाची झाडं दिसायची थांबली, नुसती सावली डोळ्यांवर उघडझाप करत होती. वळणावर गाडी नुसतं बघितलं तिकडे वळत होती. मेंढ्यांचा कळप आडवा आला तेव्हा दोन्ही ब्रेक दाबले, एवढ्या वेगातून ती सरळ रेषेत, शेपूट न हलवता थांबली. आणि ह्या सगळ्या वेळात माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, लॉरीच्या एक्सलमधून घासून काढलेलं ते चक्र मिनिटाला हजारो फेरे घेत होतं. दात असे मिळालेले की वेगळा आवाजच नाही. मी मोठ्यानं म्हणत होतो, "शाबास करीमभाई, शाबास!" आणि लगेच, "गाढवा, लिहिलंस काय!"

येडशीच्या थांब्यावर मोटार गाठली. कंडक्टरला सांगितलं, त्या पिशवीत माझं कार्ड आहे, ते मला परत हवंय. तो म्हणाला, "लाखेचा शिक्का हाय, हात लावता येत न्हाय." मी समजावलं, हात जोडले, मग ओरडलो. मोटारीतले लोक खाली उतरून ऐकायला लागले. तेवढ्यात दुधाची किटली घेऊन भीमाबाई आल्या. लाल गाडी धापा टाकत उभी, मी घामानं निथळतोय. त्यांनी गाडीकडे कौतुकानं पाहिलं.

"लई जोरात आली की! गूळ लागू पडला म्हनायचा."

त्या बाईवर कशासाठी ओरडणार होतो?

मोटारीच्या किती तरी आधी मी उस्मानाबादच्या टपालकचेरीत होतो. तिथल्या वडीलधाऱ्या पोस्टमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. कार्ड परत घ्यायचं तर लेखी अर्ज, सहीची खात्री, वरून परवानगी. "तोवर कार्ड पोचलेलं असेल," ते म्हणाले. नियम तो नियम. मग साहेबांच्या बंगल्यावर गेलो तर साहेब दौऱ्यावर, उद्या सकाळी येणार.

संध्याकाळी दुकानात गेलो. करीमभाई दारातच उभे. "दात?"

"धरले," मी म्हटलं. "एकशेवीस गेली. मैलामागून मैल. असं काम पुण्यात कुणी करणार नाही."

त्यांनी डोळे मिटले, दाढीवरून हात फिरवला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारल्या. सगळ्यांना चहा. मला खुर्ची. आणि मी, एरवी तोंडाचा एवढा फटकळ माणूस, कार्डाबद्दल एक अक्षर बोललो नाही. सकाळी साहेबांना गाठून मिटवून टाकू, ह्यांना कळायचं कारण नाही, असा हिशेब. मुक्कामावर येऊन छापील कागदावर भलंमोठं प्रशस्तिपत्र लिहिलं, लिफाफ्यात घातलं, डिंकानं बंद केलं.

शुक्रवार

सकाळी आठपासून साहेबांच्या फाटकाशी उभा. पोस्टमन येईल, त्याच्या हातातून कार्ड बघू, निदान साहेबांच्या आधी बोलू. साडेनऊ झाले, दहा झाले, पोस्टमन येईना. आला तो दहा वाजून गेल्यावर. "उशीर का?" मी खेकसलो.

"करीमभाईच्या दुकानावर थांबलो," तो म्हणाला. "त्येंच्याबद्दल कार्ड होतं. त्येंला मराठी वाचता येत न्हाय, म्हनलं वाचून दाखवावं. रोजच वाचतो मी बाजारपेठंत सगळ्यांची." त्याच्या बोलण्यात काही लबाडी नव्हती. उघडं कार्ड लपवायचं कशाला? त्याच्या गावी ती रीतच होती.

साहेबांनी एका हातात कार्ड धरलं आणि दुसऱ्या हातात माझं प्रशस्तिपत्र. मी सगळं सांगितलं. गूळ, भाकरी, भोंगा, पंचवीस मैल. ते हसले नाहीत.

"अक्षर दोन्हीकडे तुमचंच," ते म्हणाले. "तारीखही दोन्हींवर एकच. उद्या वरून विचारलं, तर मी कुठलं खरं म्हणून दाखवू?"

"माझ्याबरोबर चला, गाडी बघा!"

"गाडी चांगलीच असेल हो. पण मला साक्ष लागते, आणि साक्ष देणारा एकाच दिवसात फिरला." त्यांनी दोन्ही कागद एका टाचणीनं टोचले. सोलापूरचा माणूस येणार हे मला तिथंच कळलं. मी टेबलावर मूठ आपटली. शाईची दौत पडली. ती उचलून जागेवर ठेवून साहेब शांतपणे म्हणाले, "ह्याच रागात कार्ड लिहिलं असणार तुम्ही."

दुकानात गेलो तेव्हा लेथ चालू होता. करीमभाईंनी तो थांबवला. माझं जुनं, तीन दात उडालेलं चक्र कागदात गुंडाळून ठेवलं होतं, ते माझ्या हातात दिलं. "तुमची अमानत."

मी माफी मागितली. भडाभडा सगळं सांगितलं. बंद लिफाफ्यात किती चांगलं लिहिलं होतं तेही सांगितलं, शब्द न् शब्द.

त्यांनी ऐकून घेतलं. चिडले असते तर बरं झालं असतं, मला चिडलेल्या माणसाशी बोलता येतं.

"साब," ते म्हणाले, "खराब लिव्हायचं तवा उघड्या कार्डावर लिव्हलं. चांगलं लिव्हायचं तवा बंद लिफाफ्यात घातलं. आता गावात मी कुनाकुनाला लिफाफा दाखवत फिरू?"

आणि लेथ पुन्हा सुरू केला.

रविवारी शर्यत झाली. मी पहिला आलो. लोकांनी गाडीभोवती गर्दी केली, इटलीची तारीफ केली. मी सगळ्यांना सांगत राहिलो, कुणी नीट ऐकलं नाही. त्या चक्रानं आजवर हजारो मैल ओढलेत आणि एक दात झिजलेला नाही.

म्हणून हे छापायला देतोय. वर्कशॉपच्या साहेबांनी वाचावं, तेरखेड्याच्या गुरुजींनी शाळेत वाचावं, आणि पोस्टमननं बाजारपेठेत, करीमभाईंच्या दुकानासमोर उभं राहून, मोठ्या आवाजात वाचून दाखवावं: चक्र पहिल्या मैलापासून चांगलं होतं. निकामी मी ठरलो. सही माझीच आहे, आणि ह्या वेळी लिफाफा नाही.